मस्कतहून आलेलं मत

बुधवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. पेवकोंडची मराठी शाळा, खोली नंबर दोन, विधानसभेचं मतदान. नोंदवहीच्या दोनशे सातव्या ओळीवर लवू घवाळी या मतदाराने सही केली, डाव्या हाताचं बोट पुढे केलं, शाई लावून घेतली आणि तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला.

इथपर्यंतचं सगळं कागदावर आहे. बाकीचं कागदावर नाही, म्हणून गोष्ट सांगावी लागते.

तर पेवकोंड नावाच्या गावात एक भोळा माणूस होता. होता म्हणजे त्या गावचा होता, गावात नव्हता. सोळा वर्षं तो मस्कतमध्ये एका बेकरीत खबूस भाजत होता. खबूस म्हणजे तिकडची रोटी. लवू स्वभावाने गरीब, हाताने चपळ आणि डोक्याने सरळ. इतका सरळ, की सांगितलेली गोष्ट तो कधी वाकवत नसे. बेकरीत पहिल्या दिवशी त्याला कुणी म्हणालं, "भट्टीवरून नजर हलवू नकोस." संध्याकाळी भट्टी विझली, दिवे गेले, सगळे घरी निघाले. लवू दारापर्यंत उलटा चालत गेला.

कुणी काही शिकवलं की विसरायला नको म्हणून तो रुमालाला गाठ मारायचा. गाठ पक्की बसायची. कुठली गाठ कुठे सोडायची, एवढंच त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

एका शुक्रवारी त्याच्या बायकोचा फोन आला. सुगंधा गावात अंगणवाडीत मदतनीस होती, आणि फोनवर फार वेळ घालवणारी बाई नव्हती.

"अहो, या खेपेला मतदानाला यायचंय."

"मी तर इथे आहे."

"म्हणून तर या म्हणते."

कारण होतं साकव. साकव म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पूल. लवूची वाडी ओढ्याच्या पलीकडे, आणि गाव, शाळा, दवाखाना, रस्ता हे सगळं अलीकडे. साकव तीन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला. तेव्हापासून पावसाचे चार महिने वाडीची माणसं डोंगराला वळसा घालून पाच किलोमीटर चालत. गेल्या आषाढात एका दिवस भरलेल्या बाईला डोलीत घालून त्याच वाटेने नेलं. दवाखाना यायच्या आधी मुलगी झाली. वाडीने तिचं नाव साकवी ठेवलं. कचेरीतल्या अर्जांना उत्तर आलं नव्हतं, निदान नाव तरी राहावं म्हणून.

उमेदवार दौलतराव खेतले वाडीत आले तेव्हा सुगंधाने साकवीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि साकवाचं विचारलं. खेतले म्हणाले, "तुमच्या केंद्रावर मला आघाडी द्या. एका मताची का होईना. पुढच्या पावसाआधी साकव उभा करतो." हे असं बोलणं कायद्यात बसतं का, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं. असतं तरी विचारलं नसतं.

"मी घरं मोजलीत," सुगंधा फोनवर म्हणाली. "अर्धं गाव इकडे, अर्धं तिकडे. काटा मधोमध उभा आहे. तुमचं एक मत पायजे."

लवूने हे खोलीतल्या इब्राहिमभाई परकारांना सांगितलं. इब्राहिमभाई दाभोळच्या बाजूचे, बेकरीत बावीस वर्षं जुने. खोलीतल्या आठ माणसांचे अर्ज, औषधं आणि भांडणं त्यांच्याकडेच असायची.

"येता येईल," इब्राहिमभाई म्हणाले. "परदेशात राहणाऱ्याला गावच्या यादीत नाव लावता येतं. पण मत द्यायला स्वतः जायचं. त्या केंद्रावर, त्या दिवशी, अस्सल पासपोर्ट घेऊन."

"इथून नाय देता येत?"

"इथून घरी पैसे पाठवता येतात. मत नाय."

सोळा वर्षं लवूचा पगार दर महिन्याला समुद्र ओलांडून जात होता. त्यासाठी लवूला कधी कुणी समक्ष हजर राहा म्हणालं नव्हतं. पण तो भोळा होता, त्याला यात काही वावगं दिसलं नाही. ज्यांना दिसायला हवं ते भोळे नाहीत, त्यांनाही दिसत नाही.

इब्राहिमभाईंनी मोबाइलवर अर्ज उघडून दिला. म्हणाले, "मी नमाज पढून येतो. तोवर राहता तो पत्ता भर." परत येऊन बघतात तर लवूने लिहिलं होतं: 'वरचा पलंग, खिडकीकडे डोकं.'

"हे काय?"

"राहतो तो पत्ता. खालच्या पलंगावर तुम्ही राहता."

इब्राहिमभाईंनी डोळे मिटले, उघडले. "लवू, आपलं मन चालवायचं नाय. पासपोर्टवर छापलंय तेच सांगायचं. छापलेलं नसेल ते सांगायचं नाय."

"बरं, भाई," म्हणून लवूने रुमालाला गाठ मारली.

आठ दिवसांनी पेवकोंडहून फोन आला. शाळेच्या निकम बाई बोलत होत्या. मुलांना शिकवून उरलेल्या वेळात मतदारयादी तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. खरं म्हणजे यादी तपासून उरलेल्या वेळात त्या मुलांना शिकवत.

"घवाळी, तुमचा अर्ज आलाय. थोडी माहिती हवी. बायकोचं नाव?"

लवूने पासपोर्टची झेरॉक्स काढली. मूळ पासपोर्ट मालकाच्या कपाटात असायचा. शेवटच्या पानावर बघून म्हणाला, "सुगंधा लवू घवाळी."

"मूळ घर पेवकोंडलाच ना?"

त्याने बघितलं. "हो."

"आणि तुम्ही जिवंत आहात. मी आपलं विचारते, रकाना भरावा लागतो."

लवूने पहिलं पान बघितलं. शेवटचं बघितलं. झेरॉक्स उलटी करून बघितली.

"बाई, तसं छापलेलं नाय."

"अहो, पण तुम्ही बोलताय ना माझ्याशी?"

"बोलतोय. पण छापलेलं नाय."

निकम बाईंच्या समोर तीनशे नावं अजून बाकी होती आणि चौथीच्या वर्गात कुणीतरी कुणाला मारत होतं. त्यांनी नाव यादीत घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'जिवंत असल्याची खात्री नाही.' यादीने हे दोन्ही सांभाळून घेतलं. यादीचं पोट मोठं असतं.

हे ऐकून इब्राहिमभाई खालच्या पलंगावर बसले. "अरे, असं कुणी विचारलं की छाती ठोकून सांगायचं. मीच लवू घवाळी, दुसरं कुणी नाय."

"बरं, भाई." दुसरी गाठ.

मग सुट्टीचा प्रश्न आला. लवू अरबाबसमोर उभा राहिला. अरबाब म्हणजे मालक. मालक माणूस वाईट नव्हता, फक्त रोज चार हजार खबूस लागायचे. तो हिंदीत म्हणाला, "चार दिवस जा. पण भट्टीवर तुझ्या जागी कोण उभा राहणार?"

लवूने छाती ठोकली. "मीच लवू घवाळी. दुसरं कुणी नाय."

अरबाबचे डोळे भरून आले. बावीस कामगारांत असं निष्ठेचं उत्तर त्याला कधी मिळालं नव्हतं. त्याने सुट्टीचा कागद फाडून टाकला आणि लवूला खजुराचा डबा दिला. लवू खूश होऊन डबा घेऊन खोलीवर आला.

इब्राहिमभाईंनी एक खजूर खाल्ला. मग विचारलं, "सुट्टी?"

"ती विचारायची राहिली."

"लवू, अशा वेळी आपलं नाव सांगायचं नाय. माझं सांगायचं. विचारलं की म्हणायचं, इब्राहिम परकार."

तिसरी गाठ बसली. इब्राहिमभाई स्वतः जाऊन अरबाबला भेटले. लवूची पाळी आपल्या पाळीला जोडून घेतली, म्हणजे चार दिवस सोळा सोळा तास भट्टीसमोर. पासपोर्ट कपाटातून काढून आणला. ओढ्यावरचा साकव लवूच्या वाडीचा होता. इब्राहिमभाईंच्या गावाशी त्याचा काही संबंध नव्हता. हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नाही आणि त्यांनीही विचार केला नाही.

मंगळवारी पहाटे लवू मुंबईला उतरला. काचेमागच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला आणि सवयीने विचारलं, "नाव?"

"इब्राहिम परकार."

अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितला. लवूकडे बघितलं. "परत सांगा."

"इब्राहिम परकार."

लवूला बाजूच्या खोलीत बसवलं. दोन तास तो तिथे होता. तीन वेगवेगळे साहेब आले, आणि तिघांनाही त्याने सारखंच उत्तर दिलं, त्यामुळे संशय वाढत गेला. चौथ्या साहेबांनी मस्कतला फोन लावला. भट्टीच्या आवाजातून इब्राहिमभाई पाच मिनिटं बोलले. साहेबांनी फोन ठेवला आणि थोडा वेळ छताकडे बघितलं.

"घवाळी, मी एकदाच सांगतो. विचारलं की खरं ते सांगायचं. आणि हा पासपोर्ट जिवापलीकडे सांभाळायचा. कुणी मागितला तरी हातात द्यायचा नाही."

"बरं, साहेब." लवूने एकदम दोन गाठी मारल्या.

दुपारी तो पेवकोंडच्या एसटी थांब्यावर उतरला. थांब्यासमोर विरोधी उमेदवाराचं कार्यालय होतं, आणि कार्यालयाबाहेर खुर्ची टाकून मोहन पाष्टे बसला होता. केंद्रावरची सगळी जुळवाजुळव मोहनकडे होती. गावात कोण कुणाला मत देणार हे त्याला माहीत असायचं. या वेळी मात्र ओढ्यापलीकडच्या चाळीस घरांचा त्याला अंदाज येत नव्हता. सुगंधाने तीन आठवडे दारोदार फिरून वाडीला तोंड बंद ठेवायला लावलं होतं. मोहन समजत होता, वाडी कंटाळलीये, मतदानाला उतरायची नाही.

"काय लवूशेठ, इतक्या लांबून? कुणासाठी?"

खरं ते सांगायचं होतं. लवू थांब्यावर उभा राहून म्हणाला, "खेतल्यांसाठी. आमची सगळी वाडी त्यांनाच देणार आहे. आघाडी मिळाली तर साकव बांधणार आहेत."

"सगळी वाडी?"

"फक्त कोपऱ्यातलं पांचाळांचं घर तळ्यात मळ्यात आहे. सुगंधा आज संध्याकाळी जाणार आहे त्यांच्याकडे."

"बस, बस. चहा घे," मोहन म्हणाला.

लवूने चहा घेतला, दोन वेळा आभार मानले आणि चपला हातात घेऊन ओढा ओलांडला. संध्याकाळी सुगंधा पांचाळांकडे गेली, तेव्हा मोहन पाष्टे त्यांच्या ओटीवर बसून तिथलाही चहा पीत होता. त्या दिवशी मोहनने वाडीत अकरा घरी चहा घेतला. तीन आठवड्यांत जमलेलं एका संध्याकाळी विसकटलं.

सुगंधा घरी आली. नवरा दोन वर्षांनी आला होता, म्हणून आधी त्याला जेवायला वाढलं. मग समोर बसली.

"अहो, मत गुप्त असतं."

"पण साहेब म्हणाले खरं ते सांगायचं."

"कुठले साहेब?"

"मुंबईचे."

"त्यांना साकव बांधायचाय का?" ती म्हणाली. "आता नीट ऐका. उद्या तुम्ही मत कुणाला देताय ते कुणाला म्हणजे कुणालाही कळता कामा नये. मोहनला नाय, शेजाऱ्याला नाय, बाहेर आल्यावर मलासुद्धा नाय. भिंतीला कान असतात आणि खिडकीला डोळे. समजलं?"

"समजलं," लवू म्हणाला. सहावी गाठ मारताना रुमाल पुरेना. त्याने चौथी, खरं सांगायची गाठ सोडली आणि तिच्या जागी ही मारली.

बुधवारी दोघं शाळेत गेली. बायकांची रांग वेगळी होती. सुगंधाचं मत आधी झालं आणि ती आंब्याखाली थांबली. लवू आत गेला. पहिल्या टेबलावरच्या अधिकाऱ्याने यादीत बोट ठेवलं. "परदेशातले मतदार. पासपोर्ट द्या."

लवूने पासपोर्ट दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"द्या की."

"देता येत नाय. बघा."

"हातात घेतल्याशिवाय कसा बघू?"

"मी धरतो, तुम्ही बघा."

दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी बाकावरून उठले. केंद्राध्यक्ष आले. ते तालुक्याच्या शेती खात्यात होते, तीन दिवस घराबाहेर होते आणि रात्री बाकावर झोपले होते. त्यांनी नियम सांगितला, मग विनंती केली, मग आवाज चढवला. लवू पासपोर्ट सोडेना. बाहेरची रांग ओरडू लागली. शेवटी असं ठरलं, की लवूने पासपोर्ट उघडून कपाळासमोर धरायचा आणि अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे बघायचं. तिघांनी आळीपाळीने वाकून फोटो बघितला, चेहरा बघितला, परत फोटो बघितला.

"हेच आहेत," केंद्राध्यक्ष म्हणाले. "सही घ्या आणि सोडा."

सही झाली. शाई लागली. अधिकाऱ्याने यंत्राचं बटण दाबून मताची परवानगी दिली. लवू पुठ्ठ्यामागे गेला. थोडा वेळ तिथे राहिला. आत काय झालं ते त्याने तेव्हा कुणाला सांगितलं नाही, म्हणून आपणही त्याच्यासोबत बाहेर येऊ.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर बारावी पास झाल्यासारखं हसू होतं. आंब्याखाली सुगंधाने विचारलं, "झालं?"

"झालं."

ती पुढे काही विचारणार होती. पण नियम तिनेच घातला होता.

दुसऱ्या दिवशी लवू परत गेला. इब्राहिमभाईंचे दोन्ही डोळे भट्टीच्या धगीने लाल झाले होते. त्यांनी शाईचं बोट हातात घेऊन बघितलं आणि बराच वेळ सोडलं नाही. बावीस वर्षांत त्यांनी स्वतः एकदाही मत दिलं नव्हतं.

शनिवारी निकाल लागला. खेतले आरामात निवडून आले. पेवकोंडच्या खोली नंबर दोनचे आकडे मात्र असे होते: खेतले दोनशे चौऱ्याण्णव, विरोधक दोनशे चौऱ्याण्णव, बाकीचे सगळे मिळून तेवीस. एकूण सहाशे अकरा.

वाडीची माणसं हार घेऊन खेतल्यांकडे गेली. खेतल्यांनी हार घेतला. म्हणाले, "मी आघाडी म्हणालो होतो. ही बरोबरी आहे. बघू."

सुगंधाने घरी येऊन पुन्हा हिशेब जुळवला. घरं आठवली, माणसं आठवली, मोहनने चहा प्यायलेली अकरा घरं वजा केली. हिशेब एका मताने चुकत होता. तिने मस्कतला फोन लावला.

"अहो, आता निकाल लागलाय. आता सांगितलं तरी चालेल. तुम्ही खेतल्यांचंच बटण दाबलंत ना?"

लवूने आजूबाजूला बघितलं. इब्राहिमभाई झोपले होते. तो हळू आवाजात म्हणाला, "मत खेतल्यांनाच दिलं. पण कुणाला कळू दिलं नाय."

"म्हणजे?"

"अगं, तिथे यंत्राच्या शेजारी एक डबा होता, आणि डब्याला खिडकी. वर पाटी होती. बटण दाबलं की तुमचं मत कुणाला गेलं ते सात सेकंद या खिडकीत दिसेल. तू म्हणालीस खिडकीला डोळे असतात. मला वाटलं होतं तू आपलं असंच म्हणतेस. पण खरंच खिडकी होती."

सुगंधाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सात सेकंद म्हणजे थोडे नाय. मोहनचा माणूस बाकावरच बसला होता. वाकला असता तर दिसलं असतं. म्हणून मी बटणाला हातच लावला नाय. खेतल्यांच्या चिन्हासमोर उभा राहिलो आणि मनात दिलं. एकदम मनापासून दिलं. वर सात आकडे मोजले आणि बाहेर आलो. अजून कुणालाही पत्ता नाय."

फोनवर ओढ्याचा आवाज येत होता. सुगंधा बहुतेक पायरीवर बसली होती.

"सुगंधा? चुकलं का काही?"

"नाय," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

"जेवलो."

"मग आता एवढंच करा. हे कुणाला सांगू नका."

"बरं," लवू म्हणाला, आणि त्याने रुमालाला गाठ मारली.

तालुक्याहून दोन अधिकारी चौकशीला आले. नोंदवहीत सह्या सहाशे बारा, यंत्रात मतं सहाशे अकरा. केंद्राध्यक्ष म्हणाले, प्रत्येक मताला यंत्राचा आवाज ऐकल्यासारखं आठवतं. पक्षांचे प्रतिनिधी म्हणाले, आमचं लक्ष पासपोर्टकडे होतं. सुगंधाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझं मत मी दिलं, दुसऱ्याचं मला विचारू नका, मत गुप्त असतं. सही करणाऱ्या सहाशे अकरा जणांनी बटण दाबल्याचं लिहून दिलं. अहवालाच्या शेवटी दोन ओळी आहेत. अनुक्रमांक दोनशे सातच्या मतदाराचा जबाब नोंदवता आला नाही, कारण यादीतल्या शेऱ्यानुसार तो जिवंत असल्याची खात्री नाही. एक मत कमी कसं भरलं, याचा खुलासा आजपर्यंत कुणीही केलेला नाही.